खोली सातच्या प्राध्यापकांची शुक्रवारची पाळी त्यांच्या आईस मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख, संशोधन प्रसार कक्ष,
विद्यापीठ कार्यालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : मयत मुलाच्या भाषणाची पाळी मला देणेबाबत.
संदर्भ : मुलाच्या नावे आलेली आपली तीन पत्रे.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, भौतिकशास्त्र विभागात खोली सातमध्ये बसणारे प्राध्यापक हा माझा धाकटा मुलगा. तो तीन महिन्यांपूर्वी वारला. सकाळी दाढी करताना खाली बसला, तो उठला नाही. सून म्हणते, आई, अर्जात एवढं लिहीत नाहीत. पण आपल्या कक्षाला अजून कळलेले दिसत नाही, म्हणून लिहिते.

१. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एका प्राध्यापकाने आपले संशोधन इतर प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना समजावून सांगावे, असा आपला नियम आहे. नियम चांगला आहे. मुलगा आपल्या पाळीला आला नाही म्हणून आपण खुलासा मागितला. मी दाखला घेऊन स्वतः आले. खिडकीवरचा कारकून म्हणाला, मावशी, यात मयत असा रकानाच नाही. रजा, आजारी नाहीतर दौरा. रजेला अर्ज लागतो, आजाराला डॉक्टरचे पत्र, म्हणून त्याने दौरा लावला. मग दुसरे पत्र आले, की दौऱ्याचा अहवाल आठ दिवसांत द्यावा. तिसऱ्यात लिहिले आहे, की अहवाल नाही, परतीची तारीख कळवलेली नाही, सबब येत्या शुक्रवारी शेवटची संधी, नपेक्षा विषय यादीतून कायमचा वगळण्यात येईल.

परतीची तारीख मलाही कोणी कळवलेली नाही.

२. विषय वगळू नये ही विनंती. मास्तरचा आवाज मागच्या बाकांपर्यंत का पोचत नाही, हे त्याने चौदा खोल्यांत मोजले. आपल्याच मोठ्या सभागृहात शेवटच्या चार रांगांना निम्मे शब्द कळत नाहीत, आणि छताला काय लावले की कळतील, तेही त्यात आहे. मुलगा गेला तरी त्या रांगांत मुले बसतातच. शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांना म्हटले, तुम्ही वाचून दाखवा. ते म्हणाले, आई, आमचा विषय वेगळा पडतो. अकरा वर्षे माझ्या हातचा डबा खाताना विषय वेगळा पडला नाही.

३. मी चौथी शिकले. पण भाषण मला पाठ आहे. मुलगा चारचौघांत अडखळायचा, म्हणून घरी माझ्यापुढे म्हणून बघायचा. तो फ्रिजला टेकून उभा, मी भाजी निवडत बसलेली. एखादे वाक्य मला कळले नाही, की मी हात वर करायची, मग तो त्या वाक्याखाली रेघ मारून ते सोपे करायचा. शेवटी शेवटी हात वर करायची गरजच उरली नाही. मला माईक नको. माझा आवाज तीन मजले जातो, हे खालचे बिऱ्हाड लेखी देईल.

मी रडून कार्यक्रम बिघडवीन, अशी शंका कारकुनाने काढली. तीन महिन्यांत रडू आलेले नाही. वीस मिनिटांत येईल असे वाटत नाही.

४. अडचण एकच. शेवटची पाच मिनिटे प्रश्नोत्तरांची असतात, आणि उत्तरे मला येत नाहीत. तो म्हणायचा, आई, काहीतरी विचार ना, मला सवय होईल. मी म्हणायची, तुझं बरोबरच असणार, जेवायला बस. एकही प्रश्न विचारला नाही.

तरी विद्यार्थ्यांना सांगावे, की म्हातारी बाई आहे म्हणून गप्प बसू नका, विचारा. उत्तर मिळणार नाही. मी प्रत्येक प्रश्न वहीत उतरून घेईन आणि पाचही मिनिटे उभी राहीन.

आपली, जमेल तितकी नम्र,

(सही)
खोली सातच्या प्राध्यापकांची आई
दिनांक : २५, मंगळवार

सोबत :
१. मृत्यूचा दाखला, चौथी प्रत.
२. भाषणाचे कागद, एकवीस पाने, रेघांसह.