नागपूर महाग पडलं

माय, आमचं रायपूरला जायचं ठरलं. तू गेल्याला चौदा वर्षं होतील, आणि एवढ्या वर्षांत सिहोऱ्याबाहेर संसार मांडायची ही माझी पहिलीच वेळ. हे ज्या राइस मिलमध्ये फिटर होते, ती मालकानं बंद केली. मग मिलच्या मशिनी विकणाऱ्या एका कंपनीनं यांना काम देऊ केलं. नागपूरला या नाहीतर रायपूरला, पगार दोन्हीकडे तेवढाच, सोमवारपर्यंत कळवा. हे म्हणाले, "तू दोन्हीकडचा खर्च काढून पाह्य. जिथं दोन पैसे वाचतीन तिथं जाऊ." असली कामं माझ्याकडेच येतात. शाळेत गणितात धाकटी कधी माझ्या पुढे गेली नाही, हे तुला आठवत असेल.

रायपूरचे भाव यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीनं फोनवर सांगून टाकले. नागपूरचे मी तिथंच राहणाऱ्या धाकटीला विचारले. दोन ओळींत उत्तर येईल असं वाटलं होतं. तिनं दोन दिवस लावले. आमच्यासाठी ती उन्हात तीन घरं पाहून आली, शाळेची फी विचारून आली, दूध, ऑटो, सिलिंडर, सगळं मोबाइलवर नीट लिहून पाठवलं. आणि शेवटी लिहिलं होतं, "बाई, हे सगळं राहू दे. आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच हायेत. भाडं मागितलं तं बहीण कायची मी? या इकडं."

दुसऱ्या कोणाचे डोळे भरून आले असते. माझ्या छातीत आग पडली. तिच्या घरी मी एकदाच राहिले होते, तिच्या मुलाच्या बारशाला. ओट्यावर चकचकीत फरशी, नळाला गरम पाणी, आणि तिचे हात. माय, चिखलात कधीच न गेलेले हात कसे असतात ते मी तिच्याकडे पाहिलं. आता तिच्या डोक्यावर राहायचं, आणि रोज जिना उतरताना ते हात पाहायचे?

मला ती दुपार दिसते. तू चुलीवर भात टाकते आहेस, आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो आहोत. नागपूरच्या मावशीचा निरोप आलाय, एक पोरगी पाठव, कॉलेजात घालतो. तू मागं वळूनसुद्धा न पाहता म्हणतेस, "धाकटीच जाईन. मोठी गेली तं माया हातच मोडन." कितीतरी वर्षं मी ते कौतुक समजून जपलं. तिच्यासाठी तू नव्या चपला आणल्यास, तुझ्या लग्नातला पितळेचा डबा चिंचेनं घासून तिच्या पिशवीत ठेवलास. मी विचारलं, "मले काहून नाही पाठवत?" तेव्हा तू पहिल्यांदाच माझ्यावर इतकी चिडलीस. "बहिणीचा हेवा करून राहिली? एका बांधीतलं धान बी सारखं येत नाही, समजलं?" दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली आणि मी तुझ्याबरोबर रोवण्याला गेले. वाकून रोपं लावता लावता तू दिवसभर तिच्याबद्दलच बोलत होतीस. जेवली असंल का, झोप आली असंल का. मी तुझ्या बाजूलाच होते, माय.

तर मी कागद घेतला. नागपूरचं सात हजार भाडं नऊ केलं. ऑटोचं भाडं वाढवलं, दूध वाढवलं. फी तेवढीच ठेवली, कारण ती यांनी स्वतः कोणाला तरी विचारली असती. वरच्या दोन खोल्यांबद्दल एक शब्द लिहिला नाही. यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "नागपूर तं भलतंच महाग दिसून राहिलं," म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं, "अवं, तुयी बहीण हाय ना तिथं? तुले बरं नाही वाटणार?"

"बहीण हाय म्हणून का उपाशी राहायचं?" मी म्हटलं.

सोमवारी सकाळी यांनी रायपूर कळवून टाकलं. धाकटीला मी लिहिलं, "रायपूर स्वस्त पडते, म्हणून ठरवलं." दुपारी तिनं मोबाइलवर बोलून पाठवलं. "बरं झालं व बाई. तिकडं लाइट तरी सारखी जाणार नाही. आपल्याकडचा तांदूळ घेऊन जाजो, नवीन जागी पहिला भात घरच्याच तांदळाचा कर. मी खोल्या झाडून ठेवल्या होत्या. असू दे. सुट्टीत येजो." बस, एवढंच. रुसवा नाही, टोमणा नाही. तेवढंही तिनं मला दिलं नाही, की तिच्यावर रागावता यावं.

सामान बांधून झालंय. तुला लिहिलेला हा कागद यांच्या हाती लागायच्या आत मी चुलीत घालणार आहे. यांना खरे आकडे सांगायचं धाडस माझ्यात नाही, आणि सांगावंसंही अजून वाटत नाही. पण एक गोष्ट तुला सांगते. धाकटीचा आवाज आता अगदी तुझ्यासारखा झालाय. तोही तिलाच मिळाला. काल भांडी गुंडाळताना मी तिचं ते बोलणं सात वेळा ऐकलं.