रोमच्या राखेत अडकलेला नवरदेव

॥ श्री ॥
खेड, ता. २ जून १९५५

रा. रा. आबाजीराव यांस उद्धवरावाचा कृ. सा. न. वि. वि.

आपण चिंचवडाहून धाडलेला माणूस काल पोचला आणि चि. सयाजीरावांच्या तारेची नक्कल त्याने हातात ठेवली. इटली देशात कुठलासा डोंगर पेटला, आभाळात राख भरली, विमानं जमिनीवर बसली, आणि आमचे होणारे जावई विलायतेहून परतताना रोम शहरात अडकले. वाचून मी आधी तांब्याभर पाणी प्यालो. लग्नाला बारा दिवस उरलेत.

आबाजीराव, अडलेली लग्नं मी पुष्कळ पाहिली. कुठे सुतक आलं, कुठे मानपानावरून बिनसलं. माझ्या लग्नात भीमेला अवेळी पाणी आलं, तर आम्ही गुळाच्या काहिलीत बसून पैलतीर गाठला. पण सातासमुद्रापलीकडचा डोंगर वऱ्हाडाला आडवा आलेला कधी ऐकला नव्हता. चावडीवर लोक विचारतात की नवरदेव बोटीने का निघाले नाहीत. काय सांगू? विमानातून उतरून बोहल्यावर चढणारा तालुक्यातला पहिला नवरदेव आमचाच, हे साखरपुड्यात आपणच तीनदा सांगितलंत.

चेष्टा राहू द्या. १४ तारीख टळली की चातुर्मास, आणि मग सिंहस्थ. दीड वर्ष मुहूर्त नाही. शालनला एकोणीस पुरी झाली आणि लोकांच्या जिभा आताच सुटल्यात. मला रात्री झोप नाही.

लोभ आहे तो ठेवावा, आणि जमल्यास नवराही पाठवावा.

आपला
उद्धवराव


॥ श्री ॥
चिंचवड, ता. ४ जून १९५५

रा. रा. उद्धवराव व्याही यांस आबाजीचा रामराम वि. वि.

आपलं पत्र पावलं, त्यातली मिरचीही पावली. तुमच्या चावडीवरच्यांनी पुणे स्टेशन पाहिलं असलं तरी पुष्कळ. त्यांनी विमानाची अक्कल आम्हाला शिकवू नये. विलायतेहून यंत्रं मागवणाऱ्या पिंपरीच्या कंपनीत मी स्वतः जाऊन आलो. साहेब म्हणाले, बातमी खरी आहे. यंत्राचे काही भाग त्याच वाटेने विमानातून यायचे होते, तेही अडकलेत. एक अख्खं खातं बंद आहे आणि वीस माणसं घरी बसवलीत. कंपनीचं लोखंड खोटं बोलतं असं तर म्हणणार नाही ना?

इकडेही सुख नाही. मांडव उभा आहे, लाडू वळून झालेत, काळेवाडीच्या ताशेवाल्याला सुपारी गेली आहे. सयाजीची आई, आमची सोजराबाई, रोज अंगणात उभी राहून आभाळ बघते. आपल्या आभाळात तर कायबी न्हाई, मग त्यांच्यातच राख कशी, असं मलाच विचारते. त्या डोंगराच्या नावाने तिने खंडोबाला नारळ बोललाय.

पण मुहूर्त टळणार नाही. आमच्या घराण्यात खांड्याशी लग्न लावायची चाल आहे. आजोबा ग्वाल्हेरला शिलेदारीत अडकले, तेव्हा त्यांची तलवार बोहल्यावर उभी केली आणि आजीने तिला माळ घातली. तोच खांडा मी घेऊन येतो. नवरा मागाहून येईल. याला अडचण असू नये.

कृपा आहेच, तीत राख कालवू नये.

आपला
आबाजी


॥ श्री ॥
खेड, ता. ६ जून १९५५

रा. रा. आबाजीराव यांस सा. न. वि. वि.

आपले आजोबा लढाईत अडकले होते. सयाजीराव हॉटेलात अडकलेत. दोन्हींत काही फरक आहे की नाही, ते आपणच ठरवा. शिवाय तो खांडा मी दसऱ्याला पाहिलाय. मुठीला सुतळी गुंडाळलेली आहे. वऱ्हाड एस.टी.तून येणार, तेव्हा कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट फाडतो की पुरं, तेवढं कळवा.

इतकं बोललो, आणि तरीही हो म्हणतो. शालनची आई चार दिवस जेवली नाही. शालन नुसती धान्य निवडत बसते. तिला विचारायचं धाडस मला झालं नाही, हेही लिहून टाकतो. घेऊन या आपली तलवार. मात्र सयाजीरावांच्या हातचं दोन ओळींचं काही असेल तर आधी पाठवा. पोरीला दाखवायला काहीतरी हवं.

राग मानू नये. मानलात तरी १४ तारखेला यावं.

आपला
उद्धवराव


॥ श्री ॥
चिंचवड, ता. ९ जून १९५५

रा. रा. उद्धवराव व्याही यांस रामराम वि. वि.

घ्या! काल सयाजीचं पत्र आलं, तेच पाकिटासकट सोबत जोडतो. चावडीवर मोठ्याने वाचा. रोमहून चौथ्या दिवशी चिंचवडात! हवाई टपाल म्हणतात ते हे. तुमच्या खेडाहून आमच्याकडे यायला दोन दिवस लागतात. कंपनीचे यंत्राचे भागही परवा आले, खातं सुरू झालं, वीसही माणसं कामावर गेली. आमचं काही खोटं नव्हतं, हे आता तरी पटावं. खांड्याला नवी मूठ बसवली आहे.

मंडळींस नमस्कार, मान ताठ ठेवून मांडवात उभे राहा.

आपला
आबाजी

(सोबतचं पत्र)

रोम, ता. ४ जून १९५५

ती. आबांस सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. इथे राखेने कहर केला आहे. लोक भर उन्हात छत्र्या घेऊन हिंडतात, पावावरची राख झटकून खातात, दुकानदार दिवसातून चारदा उंबरा झाडतात. हिंदुस्थानकडे एकही विमान जात नाही आणि महिनाभर तरी जाणार नाही. तेव्हा लग्नाचं आपण योग्य वाटेल ते करावं, माझ्यासाठी खोळंबू नये. आईला सांभाळावं.

आपला
सयाजी


॥ श्री ॥
खेड, ता. ११ जून १९५५

ती. आबाजीकाकांस शालनचा शि. सा. न. वि. वि.

वर ‘मामंजी’ असं लिहिणार होते, पण आता मी तसं लिहीत नाही.

सयाजीरावांचं पत्र वडिलांनी, आमच्या दादांनी, मला वाचायला दिलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग पोस्टात नेऊन मारुतराव मास्तरांना दाखवलं. पाकिटावर रोमचा शिक्का ४ तारखेचा, मुंबईचा ७ तारखेचा. तीन दिवसांत बोट काही येत नाही, असं मास्तर म्हणाले. एकही विमान जात नाही असं सांगणारा कागद विमानातूनच आला, काका. तुमच्या कंपनीचं लोखंडही आलं. आले नाहीत ते एकटे सयाजीराव.

डोंगर खरा पेटला असेल, राखही पडली असेल. पण ती दोन-चार दिवसांची होती. महिना त्यांनी आपल्या पदरचा घातला. लग्न नको होतं तर साखरपुड्याआधी एक कार्ड टाकायचं होतं. ते त्यांना जमलं नाही, कारण तुमच्यासमोर नाही म्हणायची त्यांची छाती नाही. घरच्या अंगणात जे बोलता आलं नाही, ते बोलायला त्यांना परमुलखातला जळता डोंगर लागला.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप रडले. त्यांचा फोटो मी वर्षभर पेटीत जपला होता. पण १४ तारखेला मी त्या खांड्याला माळ घातली असती, तर सगळा जन्म त्यांच्या उंबऱ्यात वाट बघत बसले असते, आणि ते दरसाल नवा डोंगर शोधत राहिले असते. दादांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, टाक पोस्टाच्या पेटीत पत्र.

दीड वर्ष मुहूर्त नाही, तो नसू दे. पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात अर्ज पाठवते आहे. मांडवाचे बांबू दादा परत करतील. दळून ठेवलेली हळद चांगली आहे. आज आमटीत घातली.

सोजराबाई काकूंना माझा नमस्कार. त्यांना आता आभाळ बघायला लावू नका, खरं ते सांगून टाका.

शालन उद्धवराव