नग क्रमांक दोनशे बारा

४ जानेवारी
माणसाने समुद्र मोजले, पर्वत मोजले; चारही पाय सारखे असलेली खुर्ची मात्र या संग्रहालयापर्यंत अजून पोचलेली नाही. माझी डुगडुगते. तरी खूश आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी लागली, म्हणजे तीन महिने तरी मेहुण्याचं तोंड बंद.
कामही आवडीचं. इथे एके काळी समुद्र होता. त्यातल्या प्राण्यांचे जीवाश्म नदीच्या पात्रात सापडतात, ते ओळखायचे. दगड नदीच्याच पाण्यात धुवायचा, वर आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला तर चुना, म्हणजे शिंपला असू शकतो. मग नाव, नंबर, खण. भिंग माझ्या आधीच्या बाईंचं. भेटल्या की परत करीन.

११ जानेवारी
हातमोजे मागितले. साहेब म्हणाले, बाईंनी कधी मागितले नव्हते. नाजूक कडा म्हणे उघड्या बोटांनाच कळतात. बाई नोकरी सोडून कुठे गेल्या, असं शिपाईमामांना विचारलं. म्हणाले, "सोडून कुठल्या? दिसायच्या बंद झाल्या, एवढंच."
बाईंच्या टेबलाखाली एक नग सापडला. सुबक वळ्या, पातळ कड, खालच्या काठाला गाळाने बुजलेलं गोल भोक. ऐटीत लिहिलं: नग २१२, शिंपला, डावा भाग, भोक शिकारी गोगलगायीचं. साहेबांनी पाठ थोपटली.

२० जानेवारी
बोटं आखडतात. बायकोला फोनवर सांगितलं. थंडीने होत असेल म्हणाली, आणि वर, "आता हीही सोडून येऊ नका हं. दादा टपूनच बसलाय."
हातमोजे पुन्हा मागितले नाहीत.

२४ जानेवारी
आम्लाचा थेंब नखावर सांडला. आग व्हायला हवी होती. नख फसफसलं.
दुसऱ्या नखावर मुद्दाम टाकला. तेही —

२७ जानेवारी
साहेबांना दाखवलं. भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "जतन उत्तम झालंय." आणि कोरी चिठ्ठी पुढे सरकवली.
घरी जायला उठलो. गुडघे वळेनात. खुर्ची आता डुगडुगत नाही.

२९ जानेवारी
२१२ पुन्हा घेतला. भोकातला गाळ टाचणीने — आत तार. कानातल्याची आकडी.
डावा, हे बरोबर होतं. पण शिंपला —

३१ जानेवारी
दोन बोटं चालतात. 'शिंपला' खोडलं. लिहिलं: कान. आधीच्या बाई. भिंग पुसून त्यांच्या खणात, कानाशेजारी ठेवलं.
शिपाईमामा माझ्या चिठ्ठीवर २१३ घालतायत. नाव तरी नीट लिहा म्हणावं, तर जीभ —