कोरड्या डब्या

धायरी,
रविवार

प्रिय तनुजा,

फोन केला की तू प्रयोगशाळेत असतेस, म्हणून पत्र लिहितेय. मांजरी गावाहून इकडे यायला तुला सवड होत नाही, हे मला कळतं. टोमणा समजायचा तर समज.

तुझ्या त्या जनुकं बदललेल्या डासांसाठी, सोसायटीतल्यांच्या संमतीच्या सह्या घ्यायला, मी किती जिने चढले! तिसऱ्या मजल्यावरच्या रावसाहेबांनी विचारलं, डास कमी पडले म्हणून आता घरपोच मिळणार का? कांताबाईंना नातवाची धास्ती, असला डास चावला तर पोराचंही काही बदलेल का? तू शिकवलंस तसं सांगितलं, की सोडणार ते सगळे नर, ते चावत नाहीत आणि त्यांच्यापासून झालेल्या माद्या जगत नाहीत. विमलाबाईंनी तर काही न विचारता सही केली. म्हणाल्या, तुमचे यजमान डेंग्यूनं गेले, तुम्ही खोटं कशाला सांगाल? त्यानंतर मला पुढचा जिना चढवेना. घरी येऊन नुसती बसले.

चार वर्षं झाली, घरात मी पाणी साठू देत नाही. बादल्या पालथ्या, कुंड्यांखालच्या बशा केव्हाच भंगारात दिल्या. चहा एकटीपुरता करते. दिवसदिवस कुणाशी बोलणं होत नाही. मग कुठे काही ओतायचं राहिलंय का, ते बघत खोल्यांतून फिरते. फार एकटं वाटतं गं.

बुधवारी तू म्हणालीस, की आपल्या गच्चीवर त्या डासांची अंडी पाण्यात घालून ठेवलेल्या सहा डब्यांतून दोन्ही खेपेला एकही डास निघाला नाही, अंडी तयार करण्यात तुझंच चुकलं असणार, आणि साहेबांना तसं लिहून देऊन तू प्रयोगातून बाहेर पडणार. तसं काही लिहू नकोस. अंडी चांगली होती. देखरेख माझ्याकडे होती ना? पाचव्या दिवशी झाकण उघडलं, पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या आणि मी सगळ्या डब्या ओतून दिल्या. दोन्ही वेळा. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. बाबा गेल्यावर तपासणीला माणसं आली होती, तेव्हा शेजारच्या बांधकामाच्या टाकीत अळ्या सापडल्या असं मी तुला सांगितलं. टाकीत काही नव्हतं. अळ्या आपल्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये होत्या. बाबा मला आठवडाभर सांगत होते, तो ट्रे पाण्यानं भरलाय, माझ्याच्यानं वाकवत नाही, तेवढा ओतून टाक. आणि मी म्हणत होते, ओतते हो, एवढी काय घाई आहे.

तुझीच,
आई