उचकीच्या गाण्याचा निकाल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा लोकांना कॅसेटी भरून देण्याचा, हल्लीचा धंदा वेळेवर औषधं घेण्याचा, हा कागद माझ्या राहत्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर बसून राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे की नाही हे तपासायला डॉक्टरांनी मला आजचा वार आणि तारीख विचारली. मी दोन्ही सांगितलं, शिवाय त्यांच्या दवाखान्यात वाजत होतं ते गाणं कोणत्या साली आलं आणि त्यातलं कोणतं वाद्य कुठे बेसूर झालंय तेही सांगितलं. त्यांनी लगेच दाखला दिला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. शेजारच्या शिंपीमास्तरांचा आहे, पण तो बेचाळीस वर्षांपासून आहे आणि मला त्याची सवय झाली आहे.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. केल्याचं कोणी म्हणालं तर तो खोटा समजावा.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, हे माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचं आहे. ते माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावं. जावईबापूंना त्यात राहायला माझी हरकत नाही. मात्र मुलीने गाणं लावलं की 'जरा बारीक कर' असं म्हणण्याचा हक्क त्यांना या कागदाने मिळत नाही.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही मुलीलाच. फार नाही. त्यावर जास्त लिहिण्यासारखंही काही नाही.

कलम ३. माझी हत्यारं, म्हणजे दोन टेप डेक, बारीक पेचकसांचा संच, फीत गुंडाळायच्या सहा पेन्सिली आणि डेक पुसायच्या स्पिरिटची अर्धी बाटली, ही ज्याला वापरता येतील त्याला मुलीने द्यावीत. शोभेसाठी मागणाऱ्याला देऊ नयेत. याला एक अपवाद आहे. धाकट्या भावाने तीस वर्षांपूर्वी माझा टेपरेकॉर्डर 'दोन दिवसांसाठी' नेला आणि आठ महिन्यांनी झाकण मोडून परत आणला. विचारलं तर म्हणाला, "दादा, हे आधीपासूनच असं होतं." तो टेपरेकॉर्डर मी त्यालाच देत आहे. मोडकं झाकण वेगळ्या पाकिटात ठेवलंय, तेही द्यावं. बाकी माझा त्याच्यावर राग नाही. तो भेटायला येतो तेव्हा मला खरोखर बरं वाटतं, हेही इथे लिहून ठेवतो, कारण तोंडावर सांगणं काही जमलं नाही.

कलम ४. कॅसेटी, नग नऊशे बारा, मुलीला. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन दुकानात यायचे, मी यादीबरहुकूम गाणी भरून द्यायचो. प्रत्येक बाजूच्या शेवटी दोन-तीन मिनिटांची फीत उरायची. दुसरे दुकानदार ती कोरी सोडायचे. मी तिथे माझ्या पसंतीचं एक गाणं फुकट भरायचो. त्या उरलेल्या फितीवर मी या गावाची आवड सुधारली असं माझं मत आहे. मास्तर याला 'पाहुण्याच्या ताटात न विचारता वाढणं' म्हणतात.

या कॅसेटी मास्तरांनी रोज येऊन ऐकाव्यात, पण मालकी त्यांची नाही. वकीलबाईंनी सांगितलं, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मला साक्षीला मास्तरच हवेत. म्हणून त्यांना काहीही देत नाही.

कलम ५. समोरच्या रांगेतला तो दुसरा कॅसेटवाला. चांगल्या गाण्याचं शेवटचं कडवं कापून जागा वाचवणारा. त्याच्याकडे माझं कोणी ओळखीचं माणूस गेलं तर मला दोन दिवस जेवण गोड लागत नसे. आता तो या जगात नाही. मी त्याला माफ करतो, कापलेली कडवी सोडून.

कलम ६. मास्तरांविषयी. बोलताना आम्ही अरे-तुरे करतो, पण हा कायदेशीर कागद असल्यामुळे इथे त्यांना मान दिला आहे. त्यांनी शेफारून जाऊ नये.

माझ्या दुकानाची आणि त्यांच्या दुकानाची भिंत एकच. मी जे लावेन ते त्यांना ऐकावं लागे. पहिल्याच आठवड्यात ते गळ्यात मापाची टेप घालून आले आणि म्हणाले, "हे काय लावलंयस? माझा दोरा तुटतोय." पायमशीनवर पाय ज्या गाण्याबरोबर चालतो ते चांगलं आणि ज्याने दोरा तुटतो ते वाईट, ही त्यांची कसोटी. माझी वेगळी. ज्या गाण्यापाशी गिऱ्हाइकाची फीत झिजते आणि तो परत भरायला आणतो, ते चांगलं. ते शब्दांवर जीव टाकतात, मी चालीवर. यावर आम्ही किती चहा प्यायलो याची मोजदाद नाही.

त्यातून निकालाची वही निघाली. दर वर्षाच्या शेवटच्या रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत बसायचं आणि वर्षातलं सर्वात चांगलं गाणं व सर्वात वाईट गाणं ठरवायचं. दर वर्षाला एक पान. गाणं वाईटात घालायचं तर आधी ते तीनदा पूर्ण ऐकलं पाहिजे. निकालावर दोघांच्या सह्या हव्यात आणि तो बदलायचा तर पुन्हा दोघांच्याच. वही एक वर्ष माझ्या कपाटात, एक वर्ष त्यांच्या दुकानात. चांगल्या गाण्यावर आमचं एकमत फक्त चार वेळा झालं, त्यातल्या एका वेळी मला ताप होता.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. मास्तरांचं शिवण कच्चं आहे. माझ्या बायकोचे कपडे त्यांच्याकडेच असायचे, आणि दर पंधरवड्याला ती काहीतरी पिशवीत घालून निघायची, बाही घट्ट झाली म्हणून, नाहीतर शिवण उसवली म्हणून. इतकी दुरुस्ती दुसऱ्या कोणत्याही शिंप्याच्या कामाला लागत नसेल.

कलम ७. हे कलम लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

सन १९८९ चं वाईट गाणं म्हणून मास्तरांनी उचकीच्या गाण्याचं नाव सुचवलं. बाई गाता गाता मध्येच उचकी देते, शब्दांना शेंडाबुडखा नाही, असलं ते गाणं. त्या वर्षी माझी बायको कपड्यांच्या घड्या घालताना तेच गुणगुणायची. उचकीच्या जागी ती घडी झटकायची. हे मला पक्कं माहीत होतं. शिवाय तिसऱ्यांदा ऐकताना माझा स्वतःचा पाय हलला होता.

मास्तर म्हणाले, "बोल, करतोस सही?"

गप्प बसून सही केली असती तरी चाललं असतं. पण मला फुशारकी सुचली. मी म्हणालो, "हे गाणं ज्याला आवडतं त्याचे कान तपासून घ्यायला पाहिजेत."

पडद्यामागून ती चहा घेऊन आली. कप ठेवले. "साखर बघा, कमी असेल," एवढंच म्हणाली.

त्यानंतर अठरा वर्षं ती माझ्याबरोबर होती, आणि आम्ही सुखाने राहिलो, यात काडीचं खोटं नाही. पण ते गाणं मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. एकदा मुद्दाम मीच गुणगुणलो, तर हसून म्हणाली, "अहो, ते तुमच्या वहीत वाईटात आहे ना?" आणि हसतच आत गेली. ती रागावली असती तर मी माफी मागितली असती. हसल्यावर काय करायचं ते मला कळलं नाही. ती गेल्यापासून वहीचं ते पान मी उघडलेलं नाही. त्याआधीही उघडत नव्हतो.

निकाल बदलायला मास्तरांची सही लागते आणि ती मागायचं धाडस मला झालं नाही. मागितली तर ते कारण विचारणार. म्हणून माझ्यामागे मुलीने वही घेऊन त्यांच्याकडे जावं, हे कलम वाचून दाखवावं आणि सही मागावी. माझी संमती इथे लिहिली आहे असं धरावं. ते नाही म्हणाले तर पुन्हा जावं. एवढं एक काम झालं की माझं इथलं सगळं झालं.

कलम ८. मी गेल्यावर कोणतं गाणं लावायचं यावर मास्तर वाद घालतील. घालू द्यावा. समोर कोणी नसेल तर जावईबापूंनी बसावं.

पुरवणी. आज रविवारी दोन्ही साक्षीदार, मास्तर आणि डॉक्टर, जमल्यावर लिहिलेली.

वकीलबाईंनी सांगितलं होतं की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, मला सही करताना पाहिलं की पुरे. मी तसं मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "न वाचता मी कापडाच्या पावतीवरसुद्धा सही करत नाही." चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं. शिवणीच्या तक्रारीपाशी थांबले, सातव्या कलमापाशी जास्त थांबले. मग म्हणाले, "वही काढ."

मी काढली.

"एकोणनव्वदचं पान उघड."

"तूच उघड."

"मी उघडलंय. पस्तीस वर्षांपूर्वी. आता तू उघड, गाढवा."

पान उघडलं. वाईटाच्या रकान्यात उचकीच्या गाण्यावर आडवी रेघ मारलेली होती, कापडावर खडूने मारावी तशी सरळ. शेजारी 'निकाल मागे', मास्तरांची सही आणि पुढच्याच वर्षाची तारीख. त्याखाली माझ्या बायकोच्या अक्षरात दोन शब्द होते, 'मला आवडतं'. आणि खाली एक ओळ मोकळी सोडलेली होती.

मास्तरांनी सांगितलं ते असं. निकालानंतरच्या फेब्रुवारीत ती बाही सैल करायला गेली तेव्हा त्यांच्या रेडिओवर ते गाणं लागलं होतं. ती म्हणाली, "मास्तर, जरा मोठं करा ना." त्यांना तेव्हाच सगळं उमगलं. त्या वर्षी वही त्यांच्याकडे होती. त्यांनी तिच्यासमोर रेघ मारली आणि लिहायला पेन तिच्या हातात दिलं. नंतर तिच्यासाठी ते गाणं त्यांनी कॅसेटवर भरून आणलं, माझ्याकडून मागणं शक्य नव्हतं म्हणून समोरच्या रांगेतून. शेवटचं कडवं कापलेलं होतं. दर पंधरवड्याला ती यायची, एकदा ऐकायची, गुणगुणायची आणि धड असलेली बाही पिशवीत घालून परत न्यायची.

"तिने मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणालो होतो वहिनींना, की सांगून टाका. तर म्हणाल्या, उघडतील हो कधीतरी ते पान. मला काही घाई नाही."

मी थोडा वेळ रडलो. डॉक्टर खिडकीबाहेर बघत बसले. मग मला फार बरं वाटलं, इतकं की नाडी तपासली तर तीही ठीक निघाली.

सबब, कलम ७ रद्द. मुलीने सही मागायला जाण्याचं कारण उरलेलं नाही. कलम ६ मधली शिवणीची तक्रार मी मागे घेतो. कलम ५ मधल्या माणसाला आता संपूर्ण माफी, कडव्यांसकट. आज मी दोन सह्या केल्या. पहिली वहीत, त्या मोकळ्या ओळीवर, आणि सहीच्या आधी 'मलाही' असं लिहिलं. दुसरी ही.

ठिकाण: राहतं घर, बैठकीची खोली
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेअकरा

(सही) लिहून ठेवणार, कॅसेटवाला

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी वरील सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १. (सही) डॉक्टर, खालच्या मजल्यावरचा दवाखाना

साक्षीदार २. (सही) शिंपी. मी सगळं वाचून सही केली आहे. निकाल वहिनींसाठी मागे घेतला होता. गाणं वाईटच आहे, आणि यावर मी उद्या चहाच्या वेळी येऊन बोलणार आहे.