निळ्या फोनचं काळं कव्हर

आदरणीय साडूभाऊ,

दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे, ताईंचा गुडघा काय म्हणतो, हे विचारायचा अधिकार मी तीन आठवड्यांपूर्वी चारचौघांत गमावला आहे, तरी विचारतो. आम्ही इकडे ठीक आहोत. (ठीक म्हणजे, तुमची मेहुणी माझ्याशी कामापुरतं बोलते. 'जेवायला वाढलंय' हे त्यातलं सगळ्यांत लांब वाक्य.) फोनच करणार होतो, पण तुमचा फोन पुन्हा दुरुस्तीला गेलाय असं कळलं, आणि ताईंच्या फोनवर माझं नाव दिसलं की तो बिचारा वाजून वाजून गप्प होतो. शिवाय तोंडानं सांगायला गेलो तर मध्येच कुठेतरी थाप मारीन, अशी मला स्वतःबद्दल आता खात्री झाली आहे. कागदावर निदान खोडता येतं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण कबुली पहिल्यापासून दिलेली बरी. माझा जुना फोन आमच्या दुकानातल्या काउंटरवरून पडला, काचेची जाळी झाली, आणि मी तुम्हाला सहज विचारलं की, बाबा, एकाच किमतीचे दोन स्वस्तातले फोन आहेत, एक निळा नि एक काळा, कुठला घेऊ? (कंपन्यांची नावं मला तेव्हाही उच्चारता येत नव्हती. आपण निळा-काळाच म्हणत होतो.) मला वाटलं, तुम्ही एका शब्दात सांगून मोकळे व्हाल. पण ज्या माणसानं चोवीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासले, तो असा कसा मोकळा होईल? तुम्ही तीन शनिवार घातलेत. पट्टीनं रेघा मारून बावीस ओळींचा तक्ता केलात. दोन्ही फोन शेजारच्या वाण्याच्या तराजूत घातलेत. एकाच भिंतीचे दोन फोटो काढलेत, मग माझेही दोन काढलेत (एकात मला कावीळ झाल्यासारखं दिसत होतं आणि दुसऱ्यात ती नुकतीच उतरल्यासारखं). ताईंना तसल्या गुडघ्यानिशी गल्लीच्या टोकाला उभं करून त्यांच्याकडून दोन्ही फोनवर वर्तमानपत्र वाचून घेतलंत. तिसऱ्या शनिवारी दुकानदार आपल्याला बघून शटर ओढायला धावला, तेव्हा 'त्याची जेवायची वेळ झाली असेल' असं तुम्ही मनापासून म्हणालात. सकाळचे अकरा वाजले होते. शेवटी काळा चार गुणांनी जिंकला. मी म्हटलं, उद्या जाऊन काळाच आणतो.

आणि दुसऱ्या दिवशी जाऊन निळा आणला.

हे उघडं पडल्यावर घरी मी असं सांगितलं की, दुकानातली मुलगी म्हणाली, 'काका, तुमच्या हातात निळा शोभून दिसतो.' ती तसं म्हणाली हे खरं आहे. पण तिच्या म्हणण्यावर फोन घेण्याइतका मी काही खुळा नाही. भाऊ, मी चष्म्याच्या दुकानातला माणूस. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे दोन काचा धरून 'ही स्पष्ट की ही?' असं विचारतो, आणि गिऱ्हाइकानं एक सांगावी नि मी दुसरी बसवावी, असं आजवर एकदाही झालेलं नाही. मग इथेच का झालं? तर अठरा वर्षं आपल्या सासरी कुकर घ्यायचा झाला तर 'मोठ्या जावयांना विचारा', डॉक्टर बदलायचा झाला तर 'मोठ्या जावयांना विचारा', आणि मला विचारतात ते एवढंच, की 'मोठे जावई कधी येणार?' बरं, तुमचा सल्ला कधी चुकतही नाही. एखाद्याचा सल्ला अधूनमधून चुकला म्हणजे त्याच्यावर माया करणं सोपं जातं. मला आयुष्यात एकदा, एका फोनपुरतं, तुमच्याविरुद्ध जायचं होतं. तेही धड जमलं नाही. कारण दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत माझा धीर सुटला. परत वर जाऊन मी निळ्याला काळं कव्हर घालून घेतलं.

तिथपर्यंत नुसता भित्रेपणा होता. पुढे जे केलं त्याला मला शब्द सापडत नाही. तुम्ही विचारलंत, 'काळा कसा चाललाय?' मी म्हटलं, 'तुम्ही म्हणाला होतात तस्साच!' तुम्ही हातात मागितलात, तर मी म्हटलं, माझे हात पॉलिशच्या भुकटीनं भरलेत. माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही स्वतःसाठी काळा घेतलात. तो तापायला लागला. बोलता बोलता बंद पडायला लागला. तुम्ही त्याला रुमालात गुंडाळून खिशात ठेवत होता, पंख्याखाली बसवत होता, असं ताई सांगत होत्या. आणि एक दिवस तुम्ही, सगळ्या घराण्याला सल्ला देणारा माणूस, माझ्या दारात येऊन म्हणालात, 'तुमचा उत्तम चाललाय म्हणजे माझ्याच वापरण्यात दोष आहे. तुम्ही कसा वापरता ते जरा सांगा.'

भाऊ, तेव्हा खरं बोलायची संधी होती. पण तुम्ही मला काहीतरी विचारताय, याचंच मला इतकं सुख झालं की मी अर्धा तास बोललो. सकाळी उठल्यावर त्याला पाच मिनिटं विश्रांती द्यावी म्हणालो. जो फोन मी कधी वापरला नव्हता त्याच्यावर! तुम्ही ते वहीत उतरवून घेतलंत. 'विश्रांती' या शब्दाखाली तुम्ही रेघ मारलीत, ती मला अजून दिसते.

मग तुम्ही फोन दुरुस्तीवाल्याकडे सात खेपा घातल्यात. तो बिचारा खरं सांगत होता की हे मॉडेलच असं आहे, सगळ्यांचेच तापतात. तुम्ही त्याला म्हणालात, 'सगळ्यांचे नाही. माझ्या साडूंचा बघा,' आणि त्याला घेऊन थेट आमच्या दुकानात आलात. (त्याच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती, म्हणूनही तो आला. ती मी नंतर बसवून दिली. पैसे घेतले नाहीत.) मी एका बाईंना काचा लावून दाखवत होतो. 'ही स्पष्ट की ही?' म्हणत असतानाच त्यानं काउंटरवरचा फोन उचलला आणि मॉडेलचा नंबर बघायला नखानं कव्हर काढलं.

'हा तर निळा आहे,' तो म्हणाला. 'हा तो फोनच नाही.'

मला वाटलं, आता तुम्ही ओरडणार. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही तो त्याच्या हातातून घेतलात, कव्हर परत चढवलंत, चारी कोपरे नीट दाबलेत आणि माझ्या हातात दिलात. 'गिऱ्हाईक खोळंबलंय,' एवढंच म्हणालात आणि पायऱ्या उतरून गेलात. त्या बाईंना कुठली काच स्पष्ट दिसली, ते मी ऐकलंच नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागलं.

निळाही चांगला नाही, हेही लिहून टाकतो. समोरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. पण दोन महिने तक्रार कुणाकडे करणार? माझ्याकडे तो नव्हताच ना! आता तक्रार करता येते, पण ऐकायला घरात कुणी थांबत नाही.

माझं चुकलं. निळा घेतला ते नाही; तो माझा पैसा, माझा मूर्खपणा. पण तुम्हाला स्वतःच्या हातांवर शंका यायला लावली, ते चुकलं. तुमचे हात चांगले आहेत, भाऊ. फोनच वाईट होता.

ताईंना नमस्कार सांगा, त्या ऐकून घेत असतील तर.

तुमचा धाकटा साडू
(हे पद अजून शिल्लक असल्यास)

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. आमचा फ्रिज कालपासून बंद पडला आहे. नवा घ्यायचाय. दोन बघून ठेवलेत. रविवारी दहा वाजता फ्रिजच्या दुकानात याल का? तुम्ही बोट दाखवाल तोच टेम्पोत चढवू, आणि तुम्हीही टेम्पोतच बसा, म्हणजे वाटेत मला काही सुचायला नको.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालण्याआधी तुमच्या मेहुणीला वाचून दाखवलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि फ्रिजमधली पाण्याची बाटली आणून माझ्यापुढे ठेवली. चांगली थंडगार होती. फ्रिज चालू आहे, भाऊ. पण तुम्ही या.