न सुटलेली गाठ

चि. छकुलीस,

आशीर्वाद, सवयीने.

“बाबा, शिवणाच्या खोलीतला पसारा आवरा, गोधड्या शिवायचा हुरूप आपोआप येईल,” असं म्हणालीस. आज शाळेतली कविता गुणगुणत चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसलो, तर ढिगाच्या तळाशी नातवासाठी तुझ्याकडे दिलेली गोधडी निघाली. मधोमध तुझ्या शाळेच्या फ्रॉकचा तुकडा, आणि घडी बांधून देताना वर मी मारलेली सुतळीची गाठ तशीच.

“तिच्याशिवाय झोपतच नाही हो तो!” हे दर फोनला सांगतेस. गेल्या खेपेला गुपचूप ठेवून गेलीस वाटतं.

ती उसवायला घेतली आहे. त्याच तुकड्यांची आता माझ्यापुरती शिवीन. हुरूप आला, पोरी. तुझंच खरं झालं.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी फोनवर मात्र विचारीन, “गोधडी पांघरतो ना गं तो?”

तुझे भाबडे
बाबा